पशुऔषधांचे दुकान आणि एका शब्दाचा उलगडा

सोलापुरात मंगळवार पेठेतील पशुऔषधांच्या एका दुकानात मी पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस आणायला गेलो होतो. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली होती आणि ती बर्फाच्या डब्यातूनच हाती दिली गेली, ही बाब विशेष नोंदवावीशी वाटते.

दुकानात मोफत मिळणाऱ्या माहितीपत्रकात मात्र जनावरांच्या प्रत्येक आजाराला सरसकट ‘एपिझूटिक’ म्हटले आहे. ग्रीक ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘झोऑन’ म्हणजे प्राणी यांवरून आलेला हा शब्द, एखाद्या भागात जनावरांचा रोग नेहमीच्या अपेक्षेपेक्षा एकाएकी फार अधिक प्रमाणात पसरतो तेव्हाच वापरायचा असतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेला लम्पी चर्मरोग हे त्याचे चपखल उदाहरण होय. जो रोग एखाद्या भागात कायम मुरलेला असतो, त्याला ‘एन्झूटिक’ म्हणतात. आपल्याकडे ‘पशुसाथ’ हा सुटसुटीत शब्द असताना पत्रकात तो कुठेच नसावा, याचे नवल वाटते.

दुकानदारांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी चूक पेन्सिलीने खुणावून ठेवली. पत्रकातील अक्षरे फारच बारीक आहेत. लसीसाठी मी तेथे पुन्हा जाईन.