आधी आराखडा की लिहिता लिहिता उलगडा : रहस्यकादंबरी लिहिण्याच्या दोन पद्धती

रहस्यकादंबरी लिहायला बसणाऱ्याला सर्वांत आधी एक निर्णय घ्यावा लागतो. गुन्हेगार कोण, त्याने गुन्हा का आणि कसा केला, हे पहिली ओळ लिहिण्यापूर्वी पक्के करायचे, की पात्रांना एका प्रसंगात आणून सोडायचे आणि लिहिता लिहिता खुनी शोधायचा? दोन्ही पद्धतींनी उत्तम पुस्तके लिहिली गेली आहेत, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरी चूक असे म्हणता येत नाही. मात्र दोन्हींची किंमत वेगवेगळ्या वेळी मोजावी लागते, आणि ती कोणत्या टप्प्यावर मोजणे आपल्याला झेपेल, हे ओळखून निवड करणे शहाणपणाचे आहे.

या प्रकारच्या लेखनात मुळातच दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९६६ मध्ये ही मांडणी स्पष्ट केली : एक गोष्ट गुन्ह्याची, जी पुस्तक सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेली असते, आणि दुसरी तपासाची, जी वाचकासमोर घडते. वाचक तपासाची गोष्ट वाचत असला तरी शेवटी त्याला हवी असते ती गुन्ह्याची गोष्ट. आराखडा करणारा लेखक ही दडलेली गोष्ट आधी रचतो, तर दुसऱ्या पद्धतीचा लेखक तपास करणाऱ्याच्या बरोबरीने तिच्यापर्यंत पोहोचतो. प्रत्यक्ष कामातले बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

आराखड्याच्या बाजूने एक जुनी आणि ठाम साक्ष अमेरिकन कथालेखक एडगर ॲलन पो यांची आहे. कथानकाचा शेवट मनाशी पूर्ण ठरल्याखेरीज लेखणी हाती धरू नये, असे मत त्यांनी १८४६ मधील आपल्या निबंधात मांडले होते. आजच्या रहस्यलेखकांपैकी जेफ्री डीव्हर प्रत्यक्ष लेखनाला हात घालण्यापूर्वी केवळ आराखड्यावर कित्येक महिने खर्च करतात. एवढ्या परिश्रमांचा सर्वांत मोठा लाभ सुगाव्यांच्या पेरणीत होतो. सुगावा वाचकाच्या डोळ्यांसमोर असावा आणि तरीही त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात येऊ नये, ही या लेखनातली सर्वांत अवघड कला आहे. समजा, खुन्याने आपण दुपारपासून घराबाहेर पडलोच नाही असे सांगितले आहे, आणि दाराशी ठेवलेल्या त्याच्या छत्रीखाली पाण्याचे थारोळे आहे. हे थारोळे कुठे दाखवायचे? आराखडा हाताशी असलेला लेखक ते ओसरीतल्या पाच-सहा वस्तूंच्या वर्णनात मधोमध ठेवतो आणि लगेच पुढच्या वाक्यात कोणीतरी किंकाळी फोडते, म्हणजे वाचकाचे लक्ष तिकडे वळते. हे असे करायला थारोळ्याचा अर्थ लेखकाला त्याच क्षणी ठाऊक असावा लागतो.

या पद्धतीतला धोका पात्रांच्या बाबतीत आहे. आराखड्यात ‘अकराव्या प्रकरणात बहीण एकटीच जुन्या गिरणीत जाते’ असे लिहिलेले असते, कारण तिथे तिला प्रेत सापडायला हवे असते; पण तोवरच्या दहा प्रकरणांत ही बहीण अत्यंत सावध स्वभावाची स्त्री म्हणून उभी राहिलेली असते आणि मध्यरात्री ती कुठेही एकटी जाणार नाही, हे वाचकाला पुरते कळलेले असते. अशा वेळी लेखक आराखड्याला चिकटून राहिला तर पात्राचा जीव जातो, आणि वाचकाला लेखकाचा हात दिसू लागतो. रहस्य नीट जुळूनही कोरडी वाटणारी पुस्तके बहुधा याच ठिकाणी कोरडी पडलेली असतात.

आता दुसरी बाजू. रहस्यकादंबरीकार ताना फ्रेंच यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, त्या निवेदक, स्थळ आणि एक मूळ कल्पना घेऊन लिहायला बसतात आणि खुनी कोण हे त्यांनाही सुरुवातीला ठाऊक नसते. फ्रेंच भाषेत लिहिणारे कादंबरीकार जॉर्ज सिमेनॉन एका पाकिटावर पात्रांची नावे, वये, पत्ते असा तपशील टिपून घेत आणि मग रोज एक प्रकरण या वेगाने कादंबरी पूर्ण करत. या पद्धतीत संशयित जिवंत राहतात, कारण लेखकाला त्यांच्यापैकी प्रत्येकावर खरोखरच संशय असतो. खुनी नसलेल्या पात्राकडेही तो तितक्याच उत्सुकतेने पाहतो आणि म्हणून वाचकही पाहतो. निव्वळ दिशाभूल करण्यासाठी उभ्या केलेल्या पात्राला हे भाग्य क्वचितच लाभते. मात्र सिमेनॉन यांचे उदाहरण देताना एक गोष्ट विसरता कामा नये : त्यांच्या कादंबऱ्या आटोपशीर असत आणि त्यांचे बळ माणसाच्या मनाच्या शोधात होते, वेळापत्रकांच्या गुंतागुंतीत नव्हते. ज्याला बंद खोलीतला खून, गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडेच होतो अशी बनावट सबब आणि मिनिटामिनिटाचा हिशेब मांडायचा आहे, त्याने त्यांच्या वेगाचा मोह धरू नये.

लिहिता लिहिता शोधण्याची खरी किंमत पुनर्लेखनात मोजावी लागते, आणि नवा लेखक नेमका तिचाच अंदाज चुकवतो. विसाव्या प्रकरणात ‘खून बहिणीने केला’ हे उमगले की केवळ पुढची प्रकरणे लिहून भागत नाही. मागे जाऊन ती ज्या ज्या प्रसंगात आहे, त्या प्रत्येक प्रसंगाला दुहेरी अर्थ द्यावा लागतो : पहिल्या वाचनात तिचे बोलणे निरागस वाटले पाहिजे आणि दुसऱ्या वाचनात तेच बोलणे अपराधी वाटले पाहिजे. त्या रात्री ती कुठे होती, तिला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक असायला नको होते, हे सारे नव्याने तपासावे लागते. सर्वांत अवघड अडचण निवेदनाच्या दृष्टिकोनाची असते. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच असा आहे की, गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले आहेत असे ते पात्र असू नये. नॉक्स यांचे सगळे नियम आज कोणी पाळत नाही आणि हाही अनेकांनी समर्थपणे मोडला आहे. तरी त्यामागचे कारण पक्के आहे. चौथ्या प्रकरणात आपण बहिणीच्या मनात शिरून ‘हे कोणी केले असेल’ असा तिचा प्रामाणिक विचार लिहून बसलो असू, तर तिला खुनी ठरवताक्षणी तो विचार वाचकाची फसवणूक ठरतो. प्रकरण तरी काढावे लागते, नाहीतर खुनी तरी बदलावा लागतो.

कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होणार असेल, तर लिहिता लिहिता शोधण्याचा पर्याय जवळजवळ बादच होतो, कारण छापून गेलेल्या प्रकरणांकडे परत जाता येत नाही.

ॲगाथा ख्रिस्ती यांच्या वह्या या वादात मला फार उद्बोधक वाटतात. त्यांच्या ७३ वह्या उपलब्ध आहेत आणि अभ्यासक जॉन करन यांनी त्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. काटेकोर कथानकांची ही लेखिका एकाच कल्पनेसाठी वेगवेगळे खुनी, वेगवेगळे बळी, वेगवेगळे हेतू कागदावर मांडून पाहत असे आणि या नोंदींना फारसा क्रमही नसे. शोध तिथेही होता; फक्त तो खर्ड्यात न होता वहीत होत होता, जिथे खुनी बदलायला एक ओळ पुरते.

म्हणून पहिलीच रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला माझा सल्ला असा राहील की, गुन्ह्याची गोष्ट आधी पूर्ण लिहून ठेवावी आणि तपासाची गोष्ट मोकळी सोडावी. गुन्ह्याच्या दिवसाची वेळेनुसार नोंद, खुन्याचा हेतू, त्याच्या हातून राहिलेल्या दोन-तीन चुका आणि प्रत्येक संशयित लपवत असलेली एकेक गोष्ट, एवढे कागदावर असले की प्रकरणवार आराखड्याची गरज उरत नाही. कोण कोणाला कधी भेटेल आणि कोणता सुगावा कोणाच्या हाती लागेल, हे पात्रांच्या स्वभावावर सोपवता येते. मनात प्रथम एखादी युक्ती आली असेल, म्हणजे खून कसा झाला हेच आधी सुचले असेल, तर प्रकरणवार आराखड्यापर्यंतही जावे. प्रथम एखादे माणूस किंवा घर दिसले असेल, तर पहिली काही प्रकरणे केवळ त्या माणसांची ओळख पटण्यापुरती लिहून मग थांबावे.

ज्यांचा खर्डा आताच अर्ध्यावर येऊन अडला आहे आणि खुनी अजून ठरलेला नाही, त्यांनी पुढचे प्रकरण लिहू नये. सर्वांत जास्त संशय ज्याच्यावर आहे त्या पात्राच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात, त्या रात्रीची हकीकत आधी लिहावी. ती पुस्तकात यायची नाही. मग दुसऱ्या संशयिताच्या तोंडून तशीच लिहावी. जी हकीकत लिहिताना आधीच्या प्रकरणांतले सर्वांत कमी प्रसंग बदलावे लागतील असे दिसेल, त्या पात्राला खुनी धरून पहिल्या प्रकरणापासून दुरुस्तीला लागावे.