पिशवी की प्रेस: रानातले नमुने कसे आणावेत?

पावसाळा ओसरू लागला की किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात किंवा येडशीच्या रामलिंग घाटात वनस्पतींचे नमुने गोळा करायला निघणाऱ्यांपुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो: तोडलेली रोपे दिवसभर पॉलिथिनच्या पिशवीत साठवून संध्याकाळी मुक्कामी दाबावीत, की प्रेस, म्हणजे कागदांत ठेवलेली रोपे दाबून सुकवण्याच्या, पट्ट्यांनी आवळलेल्या दोन फळ्या, खांद्याला अडकवून जागच्या जागी दाबावीत? मी सुरुवातीची काही वर्षे पिशवी वापरली आणि नंतर प्रेसकडे वळलो, त्यामुळे हा आढावा पूर्णपणे तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही.

पिशवीचा मोठा गुण म्हणजे वेग. पिशवी घेऊन मी दिवसाला पन्नास-साठ नमुने आणत असे. प्रेस घेऊन वीस-पंचवीसच्या पुढे क्वचितच जातो. पिशवीत थोडी हवा राहू देऊन, आत ओले फडके ठेवून तोंड घट्ट बांधले आणि ती उन्हात पडू दिली नाही, तर धावडा, सालई, टेंभुर्णी यांच्या फांद्या संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर मीही पिशवीच नेतो. पळस, पांगारा, काटेसावर यांची फुले जाड असल्यामुळे ती सहज टिकतात, आणि त्या वेळी झाडावर पाने बहुधा नसतातच. पानांसाठी त्याच झाडाकडे पुन्हा जावे लागते, म्हणून झाडाची खूण मात्र फील्ड बुकात नीट लिहून ठेवावी. शेरासारख्या मांसल वनस्पती दाबण्यापूर्वी उकळत्या पाण्यात बुडवून घ्याव्या लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी मुक्कामाची चूल गाठणे ओघानेच आले.

माझ्यापुरता निर्णय केला तो केना या साध्या तणाने. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपार होता होता त्याच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या होऊन त्यांचा लगदा होतो. पिशवीतल्या उबेत हे आणखी लवकर घडते, असा माझा अनुभव आहे. फुलाला कवेत घेणाऱ्या महाछदाच्या (पानासारख्या आवरणाच्या) कडा जुळलेल्या आहेत की सुट्या, एवढे संध्याकाळीही कळते. परंतु जननक्षम पुंकेसर कोणते, वांझ कोणते, त्यांचा आकार कसा आणि पाकळ्यांचा रंग किती गडद होता, हे सगळे त्या लगद्यात हरवलेले असते. किनवटच्या एका सप्टेंबरातल्या फेरीत मी तीन वेगवेगळ्या नाल्यांकाठचा केना आणि तेरडा एकाच पिशवीत भरला होता. मुक्कामी पोहोचलो तेव्हा वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात पिशवी उघडली तर तेरड्याच्या पाकळ्या केन्याच्या पानांना चिकटल्या होत्या, दोन नमुन्यांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन निसटल्या होत्या, आणि कोणता नमुना कोणत्या नाल्यातला, हे मला काही केल्या आठवेना. ज्या नमुन्याचे ठिकाण सांगता येत नाही तो कितीही सुंदर दाबला तरी हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कामाचा नाही. म्हणून ते सगळे मला टाकून द्यावे लागले. त्या रात्रीची चुटपुट अजून गेलेली नाही.

प्रेसचे दोषही थोडे नाहीत. प्रत्येक नमुन्यासाठी पट्टे सोडायचे, कागद उलगडायचा, पुन्हा पट्टे आवळायचे, यात वेळ जातो. बालाघाटच्या माथ्यावर वारा असला की वर्तमानपत्राचे कागद हातात राहत नाहीत, आणि सर आली की आधी प्रेस झाकावी लागते, मग स्वतःला. कॉलेजातली जड लाकडी प्रेस या कामाला नेऊ नये, असे मी सुचवेन. पातळ प्लायवुडच्या दोन फळ्या, दोन पट्टे, तीसेक वर्तमानपत्रांचे कागद आणि मोजकेच टिपकागद एवढे पुरते. संध्याकाळी नमुने मोठ्या प्रेसमध्ये हलवता येतात.

या संथपणातून एक लाभ झाला, ज्याची मला आधी कल्पना नव्हती. प्रेस उघडून बसलो की सोबतचे वाटाडे मामाही शेजारी टेकतात, आणि फूल सरळ करून पेन्सिलीने क्रमांक, रंग, उंची टिपून होईपर्यंत ते त्या झाडाचे कोलामी किंवा गोंडी नाव, त्याचा पाला कशासाठी वापरतात, कोणत्या महिन्यात त्याला फळ धरते, हे सांगत राहतात. पिशवी घेऊन भरभर पुढे जाताना मी हे विचारतच नव्हतो. माझ्या जुन्या फील्ड बुकांत स्थानिक नावाचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे. प्रेस वापरायला लागल्यापासून तो भरू लागला.

शक्य तितक्या जाती कमी दिवसांत नोंदवायच्या असतील, तर पिशवी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कोणाचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असू शकेल. परंतु ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, नाजूक फुलांच्या पावसाळी वनस्पतींसाठी जाणार असाल, तर प्रेसच न्यावी. अभयारण्यात जायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी दोन्ही बाबतींत आधी घ्यावी लागते. जागेवर दाबलेल्या नमुन्यांचे कागद त्याच रात्री बदलावेत, कारण पहिल्या कागदांनी बरेच पाणी शोषलेले असते आणि पाने अजून लवचीक असतात. घाईत दुमडलेले एखादे पान किंवा उलटी पडलेली पाकळी तेव्हाच सरळ करून घ्यावी.