पिवळं पीएच पेन: पाण्याला पास, बुरशीला नापास

बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत खत-औषधांच्या दुकानांत मिळणारं, सामू (पीएच) म्हणजे पाणी आंबट की अल्कधर्मी हे मोजणारं हे पेन. साचा एकच, स्टिकरं तेवढी निराळी. म्हणून नाव कुणाचंच घेत नाही. फवारणीच्या पाण्यासाठी घ्यायला हरकत नाही. पण ‘याने रोग ओळखा’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.

पेनाचा आकडा जुळवून घ्यायला डबीत ठरलेल्या सामूच्या, म्हणजे बफरच्या, 6.86 आणि 4.00 अशा दोन पुड्या असतात. एकेक पुडी 250 मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, आधी 6.86 जुळवायचं, मग 4.00. पुडी बोअरच्या पाण्यात कालवली की मुळातच घोळ, कारण त्या पाण्यातला क्षार बफरचाच सामू हलवतो. पेन कोरडं ठेवलं की टोकाचा काचेचा गोळा सुकतो आणि आकडा नुसता नाचत राहतो. टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे चार थेंब कायम हवेत.

अथणी-रायबागकडच्या क्षारी पाण्याला पेन खरं उपयोगी पडतं. कॅप्टन हे बुरशीनाशक सामू 5 ला निम्मं व्हायला सुमारे 32 तास लागतात, 7 ला 8 तास आणि 8 ला जेमतेम 10 मिनिटं. म्हणजे टाकीत कालवून चहाला गेलात की औषध गेलं! दहा लिटर पाण्यात सायट्रिक ॲसिड एकेक ग्रॅम वाढवत आकडा बघा, तेच प्रमाण मोठ्या टाकीला धरा, औषध त्यानंतरच घाला. बोर्डोला (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाला) मात्र हे ॲसिड चुकूनही नको. तांबं मोकळं होऊन पानं करपतात. बोर्डोत चुना पुरला का हे बघायला घासलेला विळा बरा. मिनिटभर बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. पेन त्यात बुडवलं तर गोळ्यावर पुटं चढतात.

आता ‘झाडाचा सामू मोजून बुरशी पकडा’ या दाव्याकडे. मुळात बुरशी झाडाचा सामू आहे तसा सोसत बसत नाही, जिथे लागते तिथे तो स्वतः बदलते. भुईमुगाच्या बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात, ती स्क्लेरोशियम बुरशी. ती ऑक्झॅलिक ॲसिड सोडते. पेशींना जोडून धरणारं कॅल्शियम त्यात अडकतं आणि पेक्टिन (पेशींमधला चिकट पदार्थ) फोडणारी तिची विकरं (एन्झाइम) आंबट जागेत जोरात चालतात. संकेश्वरी मिरचीवर फळकूज आणणारी कोलेटोट्रिकम बुरशी उलट्या गटातली: हा गट अमोनिया सोडून जागा अल्कधर्मी करतो.

बुरशीला हे कळतं कसं? पेशीच्या आवरणावरचं पाल-एच हे प्रथिन बाहेरचा सामू चढल्याचं टिपतं. निरोप आत गेला की पॅक-सी नावाच्या प्रथिनाची शेपटी कापली जाते, ते केंद्रकात शिरतं आणि अल्कधर्मी जागेत लागणारी जनुकं चालू करतं. आंबट जागेत ते अखंड आणि निष्क्रिय पडून असतं. कोलेटोट्रिकममध्ये हे पॅक-सी काढून टाकलं की पेक्टिन फोडणारं विकर कमी सुटतं आणि रोग मंदावतो.

हा सगळा खेळ डागाच्या कडेला, मिलिमीटरभर जागेत चालतो. पेनाला गोळा बुडेल एवढा द्रव लागतो. मिरची ठेचून पाणी घातलं की डाग आणि निरोगी गर एकत्र होतो, मग आकडा ना याचा ना त्याचा. तसंच ‘5.5 चं पाणी फवारा, बुरशी बंद’ हेही खोटं. पानावरचा थेंब वाळून जातो, बुरशी आतला सामू आपल्या मर्जीने ठेवते.

मातीला चालतं: 10 ग्रॅम माती, 25 मिलि डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळून मग मोजा. खानापूरच्या तांबड्या मातीत चुना टाकायचा की नाही याचा अंदाज येतो. किती टाकायचा हे मात्र प्रयोगशाळेलाच विचारा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण टोपणाचा कापलाय, सैल बसतं आणि थेंब सांडतात.