पाचारण पारखण्याचे सहा महिने: एका मंडळीच्या उपक्रमाविषयी

सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या विद्यालयात, जाण्याचा विचार मनात घोळू लागला की आमच्या ख्रिस्ती समाजात दोनच सल्ले मिळतात: प्रार्थना करा, नाहीतर पाळकसाहेबांना जाऊन भेटा. पुण्यातील एका मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, गेल्या वर्षी याला तिसरी जोड दिली. नोकरी न सोडता सहा महिने, दर शनिवारी चार तास वस्तीतले साधे सेवाकार्य करायचे आणि त्यातून आपल्याला पाळकीय सेवेचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, आहे की नाही हे स्वतः पारखून पाहायचे, असा हा उपक्रम आहे. मी शाळेत गणित शिकवते. नऊ जणांच्या तुकडीत मी जून ते नोव्हेंबर हा काळ पूर्ण केला. शुल्क नाही, येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

कामे मुद्दामच बिनचमकीची निवडलेली आहेत. सरकारी रुग्णालयाबाहेर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांना जेवण देणे, दहावीच्या मुलांची शिकवणी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या भेटी आणि ऑगस्टमध्ये दफनभूमीतले गाजरगवत उपटणे. या शेवटच्या कामाने माझ्या हातांवर आठवडाभर पुरळ होते. हातमोजे आणावेत एवढी साधी सूचना आयोजकांना आधी देता आली असती.

उपक्रमाचे खरे मोल मला नोव्हेंबरमध्ये कळले. माझ्याकडे एका निवृत्त परिचारिकेच्या भेटीचे काम होते; मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या, वय ८१, सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. मी त्यांच्यासाठी बायबलमधले ७१ वे स्तोत्र काढून ठेवले होते, कारण त्यात वृद्धाने देवाला घातलेली साद आहे, आणि त्यावर चार शब्द काय बोलायचे तेही रिक्षात ठरवून झाले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते मी रोज संध्याकाळी वाचते, पोरी. तू आधी माझ्या पेन्शनचं बघ." हयातीचा दाखला द्यायचा होता आणि अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. रुमालाने पुसून, थोडे तेल लावून, पुन्हा पुसून आम्ही पाच वेळा प्रयत्न केला. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय मोबाइलवर सापडला, पण त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि सिस्टरबाई फोटो काढायचा म्हणून डोळे ताणून बसलेल्या. दीड तास गेला. दाखला मिळाला, स्तोत्र राहिले, आणि त्याचे मला वाईट वाटले हे मी त्या संध्याकाळी कबूल केले.

ते कबूल करण्याची जागा या उपक्रमात आहे, म्हणून मी त्याला चांगला म्हणते. कामानंतर तासभर बसायचे असते. मार्गदर्शक निवृत्त पाळक आहेत आणि ते दर वेळी एकच प्रश्न विचारतात: आज कोणते काम टाळावेसे वाटले? बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पंक्तिसेवेसाठी, म्हणजे जेवण वाढण्याच्या कामासाठी, सात जण निवडले गेले. त्यांपैकी स्तेफन आणि फिलिप्प हे दोघे लगेच पुढच्या अध्यायांत वचन सांगताना दिसतात, हे त्यांनी एका शनिवारी नुसते दाखवून दिले आणि विषय तिथेच सोडला. मला सेवा हवी आहे की व्यासपीठ, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

वाचनाचे दोन शनिवार असतात. जामखेडच्या आरोग्य प्रकल्पावरचा उत्तम होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले आणि गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा चर्चा रंगली ती डॉक्टरने आपली विद्या दुसऱ्याच्या हाती देण्यावर. पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनची सहल मात्र वाया गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना आणून सांभाळणाऱ्या आणि त्या रगाड्यात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंविषयी बोलायला दिवस अपुरा पडावा. आम्ही दोन तासांत सामूहिक छायाचित्र काढून दौंड-पुणे गाडी गाठली.

तक्रारी आणखी दोन आहेत. पहिले तीन महिने तुकडीतल्या आम्हा चार बायकांना स्वयंपाकाकडे आणि पुरुषांना वाढण्याकडे व रुग्णांशी बोलण्याकडे पाठवले जात होते. ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे, जिथे स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, तेव्हा ही वाटणी कोणत्या विचाराने झाली हे मी विचारले. विचार झालाच नव्हता, असे प्रांजळ उत्तर मिळाले आणि चौथ्या महिन्यापासून पाळ्या लागल्या. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. शेवटच्या मुलाखतीत नऊच्या नऊ जणांना "प्रभू तुम्हाला वापरील" असेच सांगण्यात आले. आमच्यातला एक जण निम्म्याहून अधिक शनिवारी आलाच नव्हता. पारखण्यासाठी आलेल्या माणसाला स्पष्ट "नाही" ऐकण्याचा हक्क आहे, आणि ते सांगण्याचे धैर्य आयोजकांनी दाखवायला हवे होते.

प्रमाणपत्राच्या आशेने कोणी जाऊ नये. स्थानिक मंडळीची शिफारस, बिशपांची संमती, सेमिनरीतली वर्षे, आधी डिकन (सहायक पाळक) आणि मग प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षित पाळक), हा क्रम या उपक्रमाने जराही कमी होत नाही. ज्यांना बोलायला आवडते अशांनी मात्र जरूर जावे. त्यांना तो सर्वांत जड जाईल.

मी सेमिनरीचा अर्ज अजून भरलेला नाही. सिस्टरबाईंकडे जाणे चालू आहे. सध्या त्यांच्या गॅसचे केवायसी त्याच अंगठ्यापायी अडले आहे.