गाविलगड पायी फिरा, पहिल्या दरवाजातून परत फिरू नका

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीच्या बाजूला. शेताच्या धुऱ्यावर उभं राहिलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते, आणि बाबा माझ्या लहानपणापासून त्या रांगेकडे बोट करून सांगत आलेत की "गडावर आभाय बसलं, आता सांजेपर्यंत पाणी येते". बहुतेक वेळा यायचंच. पण हेच बाबा आयुष्यात पाच-सहा वेळा चिखलदऱ्याला, म्हणजे गाविलगडाच्या बाजूच्याच थंड हवेच्या ठिकाणी गेले, कधी वरातीत, कधी पाहुण्यांसोबत, आणि गडाच्या आत मात्र एकदाही गेले नाहीत. म्हणून या डिसेंबरात ठरवलं की यावेळी पॉइंट बघायचे नाहीत, गाविलगड आणि आजूबाजूचं रान पायी बघायचं, आणि दोन दिवस राहून आलो. आपल्या भागातले लोक इतक्या जवळ राहून हे बघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ऑगस्टमधलं सांगते. तेव्हा आम्ही मैत्रिणी भाड्याची गाडी करून गेलो होतो आणि गाडीवाला दर पॉइंटला "पंधरा मिनिटं हो ताई" म्हणून हॉर्न वाजवत राहायचा. पंचबोल पॉइंटला धुकं, देवी पॉइंटला धुकं, भीमकुंडाला नुसता पाण्याचा आवाज, आणि सगळीकडे गाड्यांमधले मोठे स्पीकर. हिरवळ खूप सुंदर होती हे खरं, पण घरी आल्यावर आठवायला गेलं तर फक्त मक्याचं कणीस आणि ट्रॅफिक आठवलं. गाडीतून चिखलदरा अर्धवटच समजतो असं माझं मत तेव्हाच झालं.

यावेळी परतवाड्याहून एसटीने धामणगाव गढीच्या घाटाने वर गेलो. वाटेत मोथा लागतं, गवळ्यांचं गाव, येताना इथला खवा घ्याच. गाविलगड हे नावसुद्धा गवळ्यांवरून पडलं म्हणतात, आधी त्यांचा मातीचा गड होता आणि मग 1425 च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह वलीने पक्का किल्ला बांधला. सकाळी आठच्या आत किल्ल्यावर पोचलो, हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो त्यामुळे गेटवर पावती फाडावी लागते आणि मी तर म्हणेन गाईड घ्याच. आम्हाला जवळच्या पाड्यावरचा एक कोरकू पोरगा मिळाला, बावीस-तेवीस वर्षांचा असेल, बोलायला लाजरा पण झाडापाशी आला की थांबायचाच नाही.

बहुतेक लोक काय करतात, पहिल्या दरवाजात फोटो काढतात, थोडं आत जातात, "सगळी पडझड आहे" म्हणतात आणि अर्ध्या तासात परत. आमच्या डोळ्यांसमोर तीन कुटुंबं अशी परत गेली. आम्हाला सावकाश, बसत-उठत, पूर्ण चक्कर मारायला साडेचार तास लागले आणि तेही मला कमीच वाटले. पायवाट फार चढाची नाही, बाबा सदुसष्टचे आहेत आणि काठी घेऊन चालले, पण दगड सुटे आहेत, गवत कमरेएवढं असतं आणि जुन्या पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात, म्हणून बूट घाला, चप्पल नको. पावसाळ्यात शेवाळ असते तेव्हा म्हाताऱ्या माणसाला मी नाही नेणार.

दिल्ली दरवाजावरचं कोरीवकाम नीट उभं राहून बघा. दोन तोंडांचा गंडभेरुंड, सिंह, हत्ती, आणि इतक्या वर्षांच्या पावसानंतरही हत्तीच्या सोंडेची वळणं दिसतात. बाबा तिथं दहा मिनिटं उभे होते. मग म्हणाले, "हे ज्यानं कोरलं त्याले रोज काय मिळत असंल?" मला ते वाक्य अजून आठवते.

किल्ल्याचे दोन भाग आहेत, बाहेरचा आणि आतला, आणि मधे खोल घळ. ही घळ पायी ओलांडल्याशिवाय 15 डिसेंबर 1803 ला इथं काय झालं ते कळतच नाही. किल्ला नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा होता, आत किल्लेदार बेनीसिंह. इंग्रजांचा आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या मैदानाच्या बाजूने तोफा डागत राहिला आणि दुसरी फौज स्टीव्हन्सनने डोंगरातून फिरवून उत्तरेकडे आणली, रस्ता नव्हताच, रान तोडून रस्ता करत आणि तोफा ओढत आणल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं तरी आतला किल्ला शाबूत होता, मग एक तुकडी ही घळ उतरून समोरच्या कड्यावरून शिड्या लावून आत शिरली आणि आतून दरवाजा उघडला. बेनीसिंह लढताना मारला गेला. घळीच्या काठावर उभं राहून मी समोरचा तट बघत होते आणि पोटात कसंतरी झालं, कारण तिथून चढणं म्हणजे काय ते डोळ्याला दिसत होतं. दोन दिवसांनी, 17 डिसेंबरला, भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावला तह केला आणि 30 डिसेंबरला, त्याच युद्धात इंग्रजांशी लढणाऱ्या शिंद्यांनी तह केला तो कुठं, तर आमच्या सुर्जी अंजनगावात! शाळेत हे आम्ही एका ओळीत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण तो तह आणि रोज दिसणारा हा डोंगर एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या पोरांना मी आता इथं आणणार आहे.

रानाबद्दल. डिसेंबरात साग अर्धा-अधिक पिवळा पडलेला असतो, धावडा तांबूस, सालईची पांढरट खोडं उन्हात चमकतात आणि पानगळीमुळे लांबवर नजर जाते. गाईडने मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, पुढे एक वारूळ उकरलेलं, तेही अस्वलाचंच काम, आणि हे बघितल्यावर आम्ही सगळे आपोआप जवळ-जवळ चालायला लागलो. साप खाणारा सर्पगरुड तीन वेळा दिसला, शिटी वाजवतच फिरतो तो. वाघ नाही दिसला आणि पायी चालताना दिसू नये अशीच इच्छा होती. त्या पोराने सांगितलं की कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात, म्हणजे सेमाडोह-कोलकासवरून वाहणारी सिपना नदी ही सागाची नदी झाली. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नाहीच, ती मुंडा कुळातली. बाबांनी त्याला पाण्याला, भाकरीला, जंगलाला काय म्हणतात ते एकेक विचारलं आणि तो सांगत गेला, परतताना त्याचा लाजरेपणा कुठच्या कुठं गेला होता.

आणि मग दक्षिणेचा तट. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण इथं या. कड्याच्या टोकावर पडका तट आहे आणि खाली एकदम मैदान, मधे काही नाही. कपाशीची वावरं, तुरीचे पट्टे, संत्र्याच्या बागांचे गडद चौकोन, एखाद्या धरणाचं पाणी चमकते. बाबा तटापासून चार हात मागे बसले, डोळ्यांवर हात धरला आणि बोटाने एकेक गाव सांगायला लागले. आमचं गाव नेमकं कोणतं यावर त्यांचं आणि माझं एकमत झालं नाही पण ते जाऊ द्या. ते म्हणाले, "इतके वर्ष मी खालून याले पाहून राह्यलो, हा वरून मले पाहून राह्यला होता." आम्ही भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा तिथंच बसून खाल्ला.

जेवताना मी त्यांना सांगत होते की या कड्याच्या दक्षिणेला पडलेलं पाणी पूर्णेकडे जाते आणि पठाराच्या पलीकडचं सिपनेतून तापीला, आणि पूर्णासुद्धा शेवटी चांगदेवला तापीलाच मिळते. शहानूर धरणाचं पाणी याच डोंगरातलं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको, दर्यापूरकडच्या माझ्या मावशीने विहिरीचं खारट पाणी पिऊन दिवस काढलेत. म्हणून हे रान टिकणं म्हणजे वाघाचीच गोष्ट नाही, आपल्या माठाचीही आहे.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्यातल्या चिखलदऱ्यात पायीच फिरलो. भीमकुंडाला पाणी बारीक झालं होतं पण धुकं नसल्याने दरीचा तळ दिसला, भीमाने कीचकाला मारून इथंच टाकलं आणि त्यावरून चिखलदरा नाव पडलं असं सांगतात. देवी पॉइंटला कपारीतून थेंब-थेंब पाणी झिरपते, तिथं बसायला छान. वैराट सगळ्यात उंच, सूर्यास्ताला जा. कॉफीची झाडं बघायची राहून गेली असती पण एका घरच्या मावशींनी हाताला धरून नेऊन दाखवली, लाल फळं लागलेली. मेळघाटच्या कोअर म्हणजे अगदी आतल्या राखीव जंगलात मात्र पायी जाता येत नाही, तिथं गाडीनेच जावं लागते आणि ते बरोबरच आहे.

तक्रारी पण लिहिते. किल्ल्यावर प्यायचं पाणी नाही, माणशी दोन लिटर सोबत न्या. तलावाच्या काठाला द्रोण, वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या पडल्या होत्या, आम्ही एक पिशवी भरून खाली आणली आणि तरी कितीतरी राहिलं, हे बघून खरंच रडू येते. किल्ल्यातल्या मोठ्या मशिदीच्या भिंतीवर लोकांनी दगडाने नावं कोरलीत, कृपा करून असं करू नका. ज्या हॉटेलात राहिलो तिथं गरम पाण्याचं कबूल करून थंडच दिलं आणि डिसेंबरात वर थंडी चांगलीच असते, त्यामुळे स्वेटर-शाल न्या आणि हॉटेलवाल्याला आधी नीट विचारा. गाईडच्या पैशात घासाघीस करू नका, तो पोरगा नसता तर आम्ही पण दरवाजातूनच परत आलो असतो. रबडी मात्र कुठंही खा, चांगलीच मिळते.

माझ्याकडून गाविलगडाला पाचपैकी पाच. आता पुढचा नंबर नरनाळा किल्ल्याचा, अकोटवरून पोपटखेड-शहानूरकडून जायचं ठरलंय, आणि बाबा आत्तापासून नवीन काठी शोधून राहिले.