चौरसावरचा घुमट: इस्तंबूलमधील दोन दिवसांची पायी सहल

इस्तंबूलला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहलींत जुन्या शहराच्या वाट्याला एकच दिवस येतो, आणि त्या एका दिवसात आया सोफिया, सुलतान अहमद मशीद, तोपकापी राजवाडा आणि मोठा बाजार हे सारे उरकून संध्याकाळी बॉस्फरसची बोट गाठायची असते. माझी सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेल्यामुळे असल्या धावपळीत इमारत पाहिल्याचे समाधान आपल्याला मिळणार नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही उभयतांनी तेथे पोहोचल्यावर केवळ बायझंटाइन (पूर्व रोमन) आणि ऑटोमन (तुर्की सुलतानांच्या) वास्तुकलेसाठी आखलेली दोन दिवसांची पायी सहल वेगळी घेतली. कंपनीचे नाव देण्याचे टाळतो, कारण तिच्याविषयी काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत. शिवाय या प्रकारच्या सहली तेथे अनेकजण चालवतात आणि त्यांतील बरेवाईट कंपनीपेक्षा मार्गक्रमावर आणि मार्गदर्शकावर अधिक ठरते.

तुर्कस्तानात मार्गदर्शकाला सरकारी परवाना लागतो आणि तो गळ्यात अडकवलेला असावा लागतो. आमच्या मार्गदर्शक बाईंचा तसा होता. कलेच्या इतिहासाचे शिक्षण झालेल्या या बाई सावकाश आणि स्वच्छ इंग्रजी बोलत, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला ‘ठाऊक नाही’ असे सरळ सांगत. त्यांचा सर्वांत मोठा गुण मात्र स्थळांचा क्रम लावण्यात दिसला. आया सोफिया समोर दिसत असताना तिच्याकडे पाठ करून त्यांनी आम्हांला उतारावरून मारमारा समुद्राच्या बाजूला नेले, तेव्हा गटातील काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. तासाभराने त्या राहिल्या नाहीत.

उताराच्या तळाशी, रेल्वेमार्गाला लागून, क्युचुक आया सोफिया म्हणजे धाकटी आया सोफिया उभी आहे. मूळची ही संत सर्जियस आणि बाक्खस यांची चर्च. सम्राट जस्टिनियनने गादीवर आल्यावर, म्हणजे ५२७ च्या सुमारास, तिचे काम हाती घेतले, आणि ऑटोमन काळात सोळाव्या शतकाच्या आरंभी तिची मशीद झाली. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की, येथे घुमट चौरसावर बसवलेलाच नाही. बाहेरच्या वेड्यावाकड्या चौकोनात आठ खांबांचा अष्टकोन उभा केला आहे आणि त्यावर सोळा पाकळ्यांचा घुमट ठेवला आहे. त्या पाकळ्या एक सपाट, एक खोलगट अशा आळीपाळीने आहेत. खांबांवरून फिरणाऱ्या पट्टीवर जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा यांची स्तुती करणारा ग्रीक लेख कोरलेला आहे, आणि मशीद होऊन पाचशे वर्षे उलटली तरी तो तसाच आहे. मला अधिक वेळ बाहेरच्या भिंतीपाशी लागला. विटा पातळ आणि त्यांच्यामधील चुन्याचे थर विटांइतकेच, काही ठिकाणी विटांहून जाड, रंगाने फिकट गुलाबी. हा रंग विटांच्या भुकटीचा, असे बाईंनी सांगितले. आमच्या खात्यातील जुन्या गवंड्यांनी त्याकडे पाहताच ‘चुना-सुरखी’ म्हटले असते.

मशिदीसमोर जुन्या मदरशाचे अंगण आहे, तेथे चहा मिळतो. या अंगणात बाईंनी पिशवीतून अर्ध्या संत्र्याची गर काढलेली साल आणि एक सुरी काढली. साल पालथी ठेवून तिच्या चारही बाजू त्यांनी सरळ उभ्या कापल्या, तशा चार बाजूंना चार कमानी तयार झाल्या. मग कमानींच्या माथ्याला लागून वरची टोपी आडवी उडवली. खाली उरले ते चार कोपऱ्यांतील चार वक्र त्रिकोण. त्यांची टोके खाली चार बिंदूंवर टेकलेली आणि त्यांच्या वरच्या कडा मिळून एक पूर्ण वर्तुळ झालेले. चौरस खोलीवर गोल घुमट कसा बसवावा, या कोड्याचे हे उत्तर. वास्तुशास्त्रात त्या त्रिकोणांना पेंडेंटिव्ह म्हणतात. विजापूरच्या गोलघुमटात हेच कोडे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवलेले आहे, हे मी त्यांना सांगितले आणि वहीत आकृती काढून दाखवली. ती त्यांनी ठेवून घेतली.

तेथून वर चढून हिप्पोड्रोम. रथांच्या शर्यतींचे हे मैदान आता एक लांबट चौक आहे. त्यात इजिप्तमधून आणून ३९० मध्ये उभारलेला, तिसरा थुटमोस या प्राचीन इजिप्शियन राजाचा एकाश्म स्तंभ आहे, आणि त्याच्या शेजारी इ. स. पूर्व ४७९ मध्ये प्लाटिआच्या लढाईत इराणी सैन्यावर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून ग्रीकांनी डेल्फीला वाहिलेला, पुढे येथे आणलेला सर्पस्तंभ. सुलतान अहमद मशिदीत (१६०९ ते १६१७) आम्ही थोडाच वेळ थांबलो. मिनार सहा आणि भिंतींवर फरशा वीस हजारांवर, पण बाईंचे बोट चार अजस्र खांबांकडे होते. जाडीमुळे तुर्की लोक त्यांना ‘हत्तीचे पाय’ म्हणतात. घुमट तोलण्यासाठी एवढा ऐवज खर्ची घालावा लागला, ही गोष्ट उद्यासाठी लक्षात ठेवा, एवढे बोलून त्या पुढे निघाल्या.

आता आया सोफिया. जानेवारी ५३२ मध्ये हिप्पोड्रोममध्ये भडकलेल्या निका दंगलीत आधीची चर्च जळाली आणि जस्टिनियनने पुढच्याच महिन्यात नव्या इमारतीचे काम सुरू करविले. डिसेंबर ५३७ मध्ये, म्हणजे सहा वर्षांच्या आत, ते पूर्ण झाले. ट्रालेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर हे तिचे रचनाकार गणित आणि भूमितीतले पंडित होते. घाईचे मोल इमारतीने फेडले. चुन्याचे जाड थर पुरते सुकण्यापूर्वीच वरचा भार चढत गेला आणि खांब बाहेरच्या अंगाला कलले. पुढे भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट ५५८ मध्ये कोसळला. धाकट्या इसिडोरने तो पुन्हा बांधताना सुमारे सहा मीटर अधिक उंच, म्हणजे अधिक उभा केला, कारण चपटा घुमट भिंतींना बाहेर रेटतो आणि उभा घुमट आपला भार बराचसा खाली सोडतो. आजचा घुमट सुमारे ३१ मीटर व्यासाचा आणि जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंच आहे. ९८९ आणि १३४६ मध्येही त्याचे काही भाग पडले, आणि इतक्या दुरुस्त्यांनंतर तो पुरता वर्तुळाकार राहिलेला नाही. तळाशी असलेल्या चाळीस खिडक्यांमधून येणाऱ्या उजेडामुळे तो अधांतरी असल्यासारखा दिसतो, हे वर्णन पुष्कळदा वाचले होते. प्रत्यक्षात तसाच भास झाला, आणि मी तो भास का होतो याचा हिशेब करीत बराच वेळ मान वर करून उभा राहिलो.

येथे भावी प्रवाशांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मूळची चर्च, मग ऑटोमन काळात मशीद आणि पुढे संग्रहालय झालेली आया सोफिया २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली आणि २०२४ च्या आरंभापासून परदेशी पर्यटकांना २५ युरोचे तिकीट काढून केवळ वरच्या सज्ज्यात जाता येते. तळमजला नमाजासाठी राखलेला आहे. घुमटाच्या बरोबर खाली उभे राहण्याचा अनुभव त्यामुळे हुकतो आणि त्याची रुखरुख मला अजून आहे. पण संत्र्याच्या सालीत पाहिलेले ते चार त्रिकोण सज्ज्यातून समोर दिसतात. त्यांवर सहा पंखांचे देवदूत आहेत आणि त्यांतील एकाचा झाकलेला चेहरा २००९ मध्ये उघडण्यात आला. साडेसात मीटर व्यासाच्या गोल लेखफलकांची अक्षरेही येथून नीट वाचता येतात. दक्षिण सज्ज्यातील तेराव्या शतकाच्या डीसिस मोझेकचा (रंगीत तुकडे जडवून केलेल्या, ख्रिस्त, मेरी आणि योहान यांच्या चित्राचा) खालचा बराच भाग गळून गेला आहे, तरी ख्रिस्ताच्या चेहऱ्यावरील छटा शेजारच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाशी जुळवून बसवल्याचे दिसते. याच सज्ज्याच्या कठड्यावर कोणा उत्तर युरोपीय योद्ध्याने तिकडच्या जुन्या रून लिपीत आपले नाव कोरून ठेवले आहे. गडांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्या आपल्या मंडळींची परंपरा जुनी आहे, असे सौ. म्हणाली. येथे कंपनीने दिलेल्या श्रवणयंत्रांतील दोन बंद पडली, आणि बदली यंत्रे नसल्यामुळे आम्हां दोघांना एकच यंत्र आलटून पालटून कानाला लावावे लागले. भरलेल्या पैशांत ही उणीव क्षम्य नाही.

पहिल्या दिवसाचा शेवट गालिच्यांच्या दुकानात झाला. माहितीपत्रकात त्याला ‘हस्तकला परिचय’ म्हटले होते. पाऊण तास गेला, सफरचंदाचा चहा मिळाला, गालिचा कोणीच घेतला नाही. हा पाऊण तास दुसऱ्या दिवशी आम्हांला फार महाग पडला.

दुसरा दिवस सुलेमानिये मशिदीने सुरू झाला, आणि सहलीच्या आखणीमागील विचार येथे पूर्ण उलगडला. मिमार सिनान हा कायसेरीजवळच्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा. भरती होऊन तो जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास सैन्यात गेला, तेथे पूल बांधता बांधता बांधकामात मुरला आणि पुढे सुमारे पन्नास वर्षे, १५८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुलतानांचा मुख्य वास्तुकार राहिला. १५५० ते १५५७ या काळात त्याने सुलेमानिये बांधली. तिचा आराखडा आया सोफियाचाच आहे: मध्ये घुमट, मागेपुढे दोन अर्धघुमट, दोन्ही बाजूंना खिडक्यांनी भरलेल्या भिंती. घुमटाचा व्यास सुमारे साडेसव्वीस मीटर, उंची त्याच्या दुप्पट, म्हणजे ५३ मीटर. मापाने तो जुन्या घुमटाहून लहानच. मात्र आया सोफियाला शतकानुशतके बाहेरून टेकूंवर टेकू द्यावे लागले, तर येथे ते टेकू आरंभापासून भिंतीच्या जाडीत आणि बाजूच्या ओवऱ्यांच्या मागे इतक्या शहाणपणाने दडवले आहेत की, भार कोठून खाली उतरतो हे दाखवल्याशिवाय कळत नाही. बाजूच्या दालनांना मधल्या दालनापासून तोडणारे खांबही विरळ केल्यामुळे एका नजरेत सारी जागा दिसते. कालच्या ‘हत्तीच्या पायां’ची आठवण बाईंनी येथे करून दिली. ती मशीद सुलेमानियेनंतर अर्ध्या शतकाने बांधलेली, आणि तरी खांब अधिक जाड. पुढे १५७० च्या दशकात आया सोफियाचे टेकू पक्के करण्याचे काम सिनानकडेच आले. ज्या इमारतीशी आयुष्यभर स्पर्धा केली तिचीच डागडुजी करण्याची पाळी येणे, हा प्रसंग दुरुस्तीची कामे केलेल्या कोणालाही हलवून जाईल.

दिव्यांची काजळी हवेच्या झोताने मुख्य दरवाजावरील एका कोठडीत ओढून घेऊन तिची शाई करीत, असे येथे सांगतात. चार मिनारांना मिळून दहा सज्जे आहेत, कारण ती बांधविणारा सुलेमान हा ऑटोमन घराण्यातील दहावा सुलतान. सुलेमान आणि त्याची बेगम हुर्रेम यांच्या कबरी मागच्या बागेत आहेत. सिनानची स्वतःची कबर आवाराबाहेर, दोन रस्त्यांच्या मधल्या त्रिकोणी तुकड्यात आहे, आणि कोणी दाखवली नाही तर माणूस तिच्यावरून सरळ पुढे जाईल. समोरच्या जुन्या दुकानांच्या ओळीत पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात मिळतो. त्या उसळीत काही ठिकाणी मांस असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारूनच मागवावी.

तेथून उतरत एमिनोन्यूच्या बाजारात रुस्तम पाशा मशीद. सिनाननेच १५६० च्या दशकाच्या आरंभी ती दुकानांच्या माथ्यावर बांधली आणि दुकानांचे भाडे मशिदीच्या खर्चाला लावून दिले. आतल्या, इझनिक गावी बनलेल्या फरशांतील टोमॅटोसारखा लाल रंग हाताला किंचित उंचवटा लागेल असा बसवलेला आहे.

शेवटचे स्थळ एदिर्नेकापीजवळील कारिये, म्हणजे जुनी खोरा चर्च, आणि येथेच सहल फसली. थिओडोर मेटोखायटिस या मंत्र्याने १३१५ ते १३२१ च्या सुमारास घडवून घेतलेली मोझेक आणि भित्तिचित्रे इस्तंबूलमधील बायझंटाइन चित्रकलेचा कळस आहेत. बाजूच्या दालनात आदाम आणि हव्वा यांना हाताला धरून थडग्यातून वर ओढणारा ख्रिस्त आहे, त्याच्या पांढऱ्या वस्त्राला त्या ओढीचा झोक आहे. २०२४ च्या मे महिन्यात हीही पुन्हा मशीद झाली असून पर्यटकांना २० युरोचे तिकीट आहे. आम्ही वाहतुकीत अडकून उशिरा पोहोचलो, नमाजाची वेळ जवळ आली होती आणि अवघी पंचवीस मिनिटे हाती लागली. कालचा गालिच्यांचा पाऊण तास येथे हवा होता. बाईंनी दिलगिरी व्यक्त केली, कंपनीने लेखी तक्रारीला उत्तर दिले नाही.

बाहेर पडल्यावर १४५३ मध्ये ऑटोमनांच्या तोफांनी खिंडारे पाडलेल्या, शहराच्या जुन्या थिओडोसियन तटापाशी आम्ही काही वेळ बसलो. तोपकापीतला ‘तोप’ म्हणजे आमची तोफच, असे मी म्हणालो, आणि १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेल्या मलिक-ए-मैदान तोफेच्या कारागिराच्या नावापुढे ‘रूमी’ लागते हेही सांगितले. रूम म्हणजे रोमच्या वारशाची हीच भूमी. हे बाईंना नवीन होते.

ही सहल घ्यावी का, असे मला कोणी विचारले तर क्रमासाठी आणि त्या संत्र्यासाठी अवश्य घ्यावी असे मी सांगेन. मात्र पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: दुकानभेट नसल्याची हमी, गटातील माणसांची कमाल संख्या, आणि कारियेला किमान दीड तास. आया सोफिया आणि कारिये यांची माणशी मिळून ४५ युरोची तिकिटे आमच्या शुल्कात धरलेली नव्हती, तेही विचारावे. शुक्रवार टाळावा, कारण दुपारच्या नमाजामुळे मशिदी बराच वेळ बंद असतात. गुडघे दुखत असतील त्यांनी पहिल्या दिवशीची चढण ध्यानात घ्यावी. २०२५ मध्ये आया सोफियाच्या घुमटाच्या जीर्णोद्धाराचा नवा टप्पा सुरू झाला असून आत पोलादी परांची उभारली आहे, तेव्हा घुमट किती दिसतो याची चौकशी करूनच तारीख ठरवावी. मला स्वतःला ती परांचीही पाहायला आवडली असती.