इंग्लंडच्या खेड्यांतल्या संध्याकाळच्या रोड रेस: पूर्ण मोसम धावल्यानंतरचं मत

आधी मत सांगतो, मग तपशील. इंग्लंडमध्ये राहता आणि 5 किंवा 10 किलोमीटरची वेळ खरोखर सुधारायची आहे, तर शहरातल्या मोठ्या रेसपेक्षा स्थानिक रनिंग क्लबच्या उन्हाळी रेसवर पैसे घाला. मार्ग नीट मोजलेला असतो, गर्दी बेताची असते, शुल्क कमी असतं आणि आयोजक स्वतः धावणारे असतात. अडचणीही ठरलेल्या आहेत. रस्ता बहुतेक वेळा वाहनांना बंद नसतो, गाडी नसेल तर पोचणं अवघड जातं, आणि मागच्या गटात धावणाऱ्याला निम्मा रस्ता एकट्याने कापावा लागू शकतो.

या रेस मे ते ऑगस्टमध्ये, आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी होतात. सुरुवात साधारण 7 किंवा 7.30 ला. दक्षिण इंग्लंडमध्ये जूनच्या मध्यावर सूर्य रात्री 9.20 च्या सुमारास मावळतो, म्हणून कामावरून आल्यावरही 10 किलोमीटरची रेस उजेडात पुरी होते. ऑगस्ट संपता संपता सूर्यास्त 8 च्याही आत येतो आणि मोसम आपोआप आटोपतो. हॅम्पशरमधल्या येटलीची 10 किलोमीटरची मालिका, हर्टफर्डशरच्या बाजूची मिडवीक रोड रेस लीग, केंब्रिजशरमधली केव्हिन हेन्री 5 किलोमीटर लीग ही याच प्रकारची नावं. यातही दोन जाती आहेत: पैसे भरून कुणालाही धावता येतं अशी खुली रेस, आणि फक्त क्लबच्या सदस्यांसाठी असलेली लीग. लीगमध्ये बहुधा वेगळं शुल्क नसतं, पण नोंदवलेल्या रंगाची क्लबची बनियन घालावीच लागते. साधा टी-शर्ट घालून धावलात तर संघाचे गुण जाऊ शकतात.

खुल्या 10 किलोमीटरचं शुल्क साधारण 15 पौंडांच्या आसपास. इंग्लंड ॲथलेटिक्स या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेकडे क्लबमार्फत नोंदणी असेल तर 2 पौंड कमी. ही नोंदणी वर्षाला 20 पौंडांच्या घरात जाते, म्हणजे निव्वळ सवलतीचा हिशेब केला तर दहाएक रेसनंतर पैसे वसूल. त्यासाठी क्लबमध्ये जाऊ नका. लीगमध्ये धावता यावं, मंगळवारचा वेगाचा सराव मिळावा आणि गाडीत एखादी जागा मिळावी यासाठी जा. 10 किलोमीटरसाठी किमान वय 15, अर्धमॅरेथॉनसाठी 17. घरातली मुलं धावणार असतील तर हे आधी बघा.

आता मार्गाच्या मोजणीकडे येतो, कारण या रेसचं खरं मोल तिथे आहे. परवाना असलेल्या रेसच्या पानावर मोजणीचं प्रमाणपत्र असल्याचा उल्लेख असतो. तो नसेल तर तिथली वेळ वैयक्तिक विक्रम म्हणून धरू नका. ही मोजणी जीपीएसने नाही, सायकलने होते. पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. ते दर किलोमीटरमागे साधारण 11,000 आकडे पुढे सरकतं. मोजणारा आधी पोलादी टेपने आखलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल अनेकदा चालवून एका किलोमीटरला नेमके किती आकडे पडतात ते ठरवतो, मग मार्ग मोजतो आणि परत येऊन तोच पट्टा पुन्हा मोजतो. ऊन चढलं की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर बदलतो, म्हणून आधी आणि नंतर दोन्ही वेळा ही पडताळणी करावी लागते. वर दर किलोमीटरला 1 मीटर जादा धरतात. अर्थात 10 किलोमीटरचा मार्ग मोजणीत 10,010 मीटर भरतो. चुकूनसुद्धा मार्ग कमी पडू नये हा हेतू.

याचा धावणाऱ्याला थेट उपयोग आहे. मोजणी धावपटूला परवानगी असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेवर होते. डावीकडे राहा अशी सूचना असलेल्या चालू रस्त्यावर मार्गही डाव्या बाजूनेच मोजलेला असतो. उजव्या वळणावर रस्ता तिरका ओलांडून आतली कड पकडली तर दोन गोष्टी होतात: समोरून येणारी गाडी झुडपाच्या कुंपणामागे दिसत नाही, आणि तुम्ही पूर्ण अंतर धावलेले नसता. घड्याळात 10.08 किंवा 10.12 किलोमीटर दिसले म्हणून आयोजकांना दोष देऊ नका. उंच कुंपणं आणि झाडांच्या कमानीखाली जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे उडतो, शिवाय बहुतेक जण डाव्या वळणावर कडेपासून दोन-तीन मीटर लांबून जातात. पेस घड्याळावर धरू नका, रस्त्यालगतच्या किलोमीटरच्या पाट्यांवर धरा. प्रत्येक पाटीपाशी घड्याळाचं लॅपचं बटण हाताने दाबण्याची सवय लावली तर हे सोपं जातं.

रस्त्याची सुरक्षा हा दुसरा महत्त्वाचा भाग, आणि इथे भारतातून आलेल्यांचा हमखास गैरसमज होतो. पिवळं जाकीट घालून वळणावर उभा असलेला मार्शल पोलीस नाही. वाहनं थांबवण्याचा अधिकार पोलिसांना किंवा तशी खास मान्यता मिळालेल्या व्यक्तींनाच आहे. बाकीचा मार्शल तुम्हाला सावध करतो, दिशा दाखवतो आणि चालकाला हळू जाण्याची विनंती करतो, एवढंच. तो 'कार!' असं ओरडला की एका रांगेत डावीकडे सरका. गावाबाहेरच्या एकपदरी-दुपदरी रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 60 मैलांपर्यंत असू शकते. एरवी फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने उजव्या बाजूने, वाहनांना सामोरं चालावं असं हायवे कोड सांगतो. रेसमध्ये मात्र बहुतेकदा डावीकडे राहायची सूचना असते. सरावाची सवय आणि रेसची सूचना उलट आहेत हे लक्षात ठेवा, आणि वॉर्म-अपला रस्त्यावर जाल तेव्हा उजवीकडेच राहा.

याच कारणाने हेडफोनवर बंदी असते. पूर्ण बंद नसलेल्या रस्त्यावर कान झाकणारे हेडफोन घातले तर बाद होऊ शकता. हाडांतून आवाज पोचवणारे हेडफोन चालतील की नाही हे आयोजक ठरवतात, तेव्हा सूचनापत्र वाचा. माझ्या मते तेही नकोत. ट्रॅक्टर मागून येतोय हे कानानेच कळतं.

प्रदेशाप्रमाणे रस्त्याचं वागणं बदलतं. केंब्रिजशरच्या फेन भागात, म्हणजे पूर्वीच्या दलदलीच्या सखल प्रदेशात, मार्ग सपाट, म्हणून सगळे तिथे चांगली वेळ नोंदवायला जातात. पण कुंपण नाही, झाड नाही. वारा समोरून आला की तीन किलोमीटर तोच अंगावर घ्यावा लागतो. तिथे एकट्याने पुढे जाऊ नका, चार-पाच जणांच्या मागे राहा आणि वळल्यावर वेग वाढवा. खालची पीट माती आकसत जाते, त्यामुळे डांबर लाटेसारखं वरखाली झालेलं असतं. पाय मुरगळण्याची जागा हीच. लंडनच्या वायव्येकडच्या चिल्टर्नच्या टेकड्यांत उलट: बीचच्या झाडांखाली खोल गेलेल्या गल्ल्या, सावली, ओलसर डांबर आणि कडेला धुऊन आलेले गारगोटीचे खडे. तिथल्या 10 किलोमीटरमध्ये 100 मीटरहून जास्त चढ असेल तर सपाट मार्गाच्या वेळेची अपेक्षा सोडा; चढावर श्वास सांभाळा, वेळ उतारावर परत घ्या. अरुंद रस्त्याला मधे उंचवटा असतो, त्यामुळे डावीकडे सतत धावून डावा पाय खाली पडतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखण्याची सवय असलेल्यांनी लागोपाठच्या आठवड्यांत अशा रेस घेऊ नयेत.

पोचण्याचं गणित आधी करा. खेड्यातला एक पोस्टकोड बराच मोठा परिसर व्यापतो, त्यामुळे सॅटनॅव्ह (गाडीतलं रस्ता दाखवणारं यंत्र) भलत्याच शेताच्या फाटकाशी नेऊन सोडतं. आयोजकांनी दिलेला नकाशा किंवा अचूक ठिकाणखूण घरूनच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण तिथे नेटवर्क असेलच असं नाही. सुरुवातीच्या आधी 60 ते 75 मिनिटं पोचा. पार्किंग बहुधा शेतात किंवा शाळेच्या मैदानावर असतं, पाऊस झाला असेल तर चाकं रुततात. गाडी उताराकडे तोंड करून लावा. छातीवर लावायचा नंबर गावाच्या हॉलमध्ये मिळतो. शौचालयं मोजकी असतात आणि सुरुवातीच्या आधीच्या वीस मिनिटांत रांग दाराबाहेर जाते, तेव्हा आधी रांग, मग नंबर. गाडी नसलेल्यांनी परतीची शेवटची बस आधी पाहावी. बऱ्याच खेड्यांत ती रेस संपण्याच्या आधीच गेलेली असते.

नंबर छातीवर, चारही कोपऱ्यांना पिना लावून, घडी न घालता. वेळ नोंदवणारी चिप नंबरच्या मागे चिकटवलेली असेल तर घडी घातल्याने ती वाकते आणि शेवटच्या रेषेवरच्या मॅटवर वाचली जात नाही. वर जाकीट घालू नका. नंबरच्या मागच्या बाजूला औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन लिहायची जागा असते, ती भरा. दुखापत झाली म्हणून आपला नंबर मित्राला परस्पर देऊ नका. तो रस्त्यात कोसळला तर प्रथमोपचार करणाऱ्यांच्या हातात तुमची माहिती असेल. मुदतीत नाव बदलून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते.

संध्याकाळच्या रेसचं खाणं हा आपल्या लोकांना जड जाणारा प्रश्न. दुपारचं जेवण 12.30 ते 1 च्या दरम्यान, साधं: भात-वरण किंवा पोळी आणि कमी तिखटाची भाजी. उसळ, राजमा, मिसळ त्या दिवशी बंद. 4.30 ला एक केळं किंवा मध लावून एक पोळी. कॉफी प्यायची तर 6 च्या आधी, नाहीतर रात्री झोप उडते. 5 किलोमीटरला वाटेत पाणी नसतं. 10 किलोमीटरला बहुधा निम्म्यावर एकच टेबल. पेल्याचं तोंड चिमटीत दाबा, म्हणजे पाणी नाकात जात नाही. शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: टेबलावर ठेवलेल्या जेली बेबी या मऊ गोळ्यांमध्ये जिलेटीन (प्राण्यांपासून केलेलं) असतं. स्वतःची खजूर खिशात ठेवणं उत्तम.

गवताच्या परागांचा मोसम मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत असतो, म्हणजे नेमका या रेसच्या वेळी. संध्याकाळी हवा थंड होऊ लागली की वर गेलेले पराग पुन्हा खाली येतात, आणि रस्ता कापलेल्या गवताच्या शेताशेजारून जातो. डोळे चुरचुरणं, शिंका, छाती आवळणं सुरू झालं तर ती तयारीची कमतरता समजू नका. औषध दुकानदाराशी बोलून झोप न आणणारी गोळी आधी एखाद्या सरावाच्या दिवशी घेऊन पाहा. दमा असेल तर पंप गाडीत ठेवू नका, बरोबर घेऊन धावा.

सुरुवातीला रस्ता तीन-चार मीटर रुंद आणि माणसं दोनशे-तीनशे. पुढे उभे राहिलात आणि वेग कमी असला तर मागच्यांची अडचण, फार मागे राहिलात तर पहिल्या 400 मीटरमध्ये दहा-वीस सेकंद जातात. आपल्या अपेक्षित वेळेच्या माणसांना विचारून त्यांच्यात उभे राहा, लोक आनंदाने सांगतात. बक्षिसांचा क्रम चिपवर नाही, सुरुवातीची बंदूक उडाल्यापासूनच्या वेळेवर ठरतो; वयोगटात नंबर येण्याची शक्यता असेल तर पुढेच राहा. वयोगट बहुधा बायकांचे 35 पासून, पुरुषांचे 40 पासून सुरू होतात, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या नव्या धावपटूलाही तिथे खरी चुरस मिळते.

शेवटची रेषा ओलांडल्यावर थांबू नका, दोऱ्यांमधल्या वाटेने चालत राहा. चिप नसलेल्या छोट्या रेसमध्ये तिथेच एक स्वयंसेवक तुमच्या नंबरची खालची पट्टी फाडून क्रमाने तारेत ओवतो. दोघे जण त्या वाटेत एकमेकांच्या पुढे गेले की निकालात त्यांच्या जागांची अदलाबदल होते. सूर्य कलला की घामाने ओलं अंग झपाट्याने गार पडतं. कोरडा टी-शर्ट आणि जाकीट गाडीत नव्हे, हॉलमधल्या पिशवीत ठेवा. मग घरी केलेले केक आणि मोठ्या किटलीतला चहा. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या, एखादा फ्लॅपजॅक (ओट्सची गोड वडी) बहुधा तसा मिळतो. सुटे पैसे जवळ ठेवा.

बहुतेक क्लब सदस्यांकडून मोसमात निदान एकदा मार्शल म्हणून उभं राहण्याची अपेक्षा ठेवतात. हे काम जरूर घ्या, आणि शक्यतो आपण पुढे धावणार असू त्याच मार्गावरचं. जागेवर सुरुवातीच्या अर्धा तास आधी पोचावं लागतं आणि शेवटचा धावपटू व त्यामागचा टेल रनर (सर्वांच्या मागे धावणारा स्वयंसेवक) पुढे गेल्याशिवाय हलता येत नाही, म्हणजे साधारण दोन तास. जाड जाकीट, पाणी, डास-चिलटांचं मलम आणि चार्ज केलेला फोन न्या. वळणाच्या कोपऱ्यावर उभं राहू नका, वीस पावलं अलीकडे उभे राहा आणि पूर्ण हात लांब करून दिशा दाखवा. दमलेल्या माणसाला पाटी दिसत नाही, हात दिसतो.